झिंक ऑक्साइड गेले, हगवण राहिली: दूध तुटलेल्या पिलाच्या आतड्याचे डॅनिश प्रकरण

दूध तोडून चौथा दिवस. कप्प्यात डुकराची पंचवीस-तीस पिले, वजन साधारण सात किलो. बहुतेक एकमेकांना चिकटून झोपलेली, चार-पाच उभी. उभ्या पिलांच्या शेपटीखालची कातडी ओली आणि लालसर. कुशी आत गेलेल्या, पाठीचा कणा हाताला लागतो. फरशीवर पिवळसर, पाण्यासारखी विष्ठा. गव्हाणीत मात्र कालचे खाद्य तसेच पडून. युरोपातल्या कोणत्याही वराहपालकाला हे चित्र नवे नाही. डेन्मार्कमध्ये तीस वर्षे ते झिंक ऑक्साइड या पांढऱ्या पावडरीने झाकले गेले होते. २०२२ च्या जूनमध्ये ती पावडर गेली आणि चित्र पुन्हा उघडे पडले.

वरवर पाहता हे एका औषधावरच्या बंदीचे प्रकरण आहे. खरा विषय आहे आईपासून तुटल्यानंतर पिलाने उपाशी काढलेल्या पहिल्या ४८ तासांचा. झिंक काय करत होते, ते गेल्यावर काय बिघडले आणि खाद्यात व कप्प्यात नेमके काय बदलावे लागते, ते इथे क्रमाने मांडले आहे.

पार्श्वभूमी

सुमारे ६० लाख लोकवस्तीचा डेन्मार्क वर्षाला तीन कोटींच्या आसपास डुकरे तयार करतो. तिथली मादी एका वेताला सरासरी सतराहून अधिक जिवंत पिले देते आणि तिला सड असतात चौदा-सोळा. म्हणजे काही पिले दाई मादीकडे जाणार आणि काही अपुऱ्या चिकावर वाढणार, हे ठरलेलेच. चांगल्या प्रतिकारशक्तीसाठी पहिल्या २४ तासांत प्रत्येक पिलाच्या पोटात २०० ते २५० ग्रॅम चीक जायला हवा. मोठ्या वेतात शेवटी जन्मलेल्याला तो क्वचितच मिळतो. चार आठवड्यांनी कप्प्यात हगवणारे पहिले पिल्लू बहुधा हेच असते.

युरोपीय कायद्याप्रमाणे दूध २८ दिवसांच्या आत तोडता येत नाही. पूर्ण रिकामा करून, धुऊन, निर्जंतुक केलेला वेगळा गोठा असेल तरच ते सात दिवस आधी चालते. मोकळ्यावर वाढणाऱ्या डुकरांत आई पिलांना हळूहळू, तीन-चार महिन्यांपर्यंत दूर करत जाते. इथे ते काम एका सकाळी उरकले जाते.

या धक्क्यावरचा पहिला उपाय होता खाद्यातली वाढवर्धक प्रतिजैविके. डेन्मार्कने १९९५ मध्ये अव्होपार्सिन, १९९८ मध्ये व्हर्जिनियामायसिन बंद केले आणि २००० च्या सुरुवातीपर्यंत पिलांच्या खाद्यातली उरलेली वाढवर्धकेही काढली. झिंक ऑक्साइडचा गुण १९८० च्या दशकाच्या अखेरीपासून माहीत होताच. आता त्याच्यावरचा भार वाढला. मात्रा: दर किलो खाद्यात २,५०० मिलिग्रॅम झिंक, म्हणजे टनाला ३.१ किलो झिंक ऑक्साइड, दूध तोडल्यापासून जास्तीत जास्त १४ दिवस. पिलाची पोषणाची गरज याच्या जवळपासही नाही. युरोपात पिलांच्या खाद्यात झिंकची नेहमीची कमाल मर्यादा किलोला १५० मिलिग्रॅम आहे.

झिंकचा काही भाग हगवण आणणाऱ्या ई. कोलाय जिवाणूला रोखत होता, काही भाग आतड्याच्या पेशींमधली जोड घट्ट ठेवत होता आणि त्याने पिलाची भूकही सुधारत होती. पण शोषले जायचे अगदी थोडे. दोन आठवड्यांत साडेतीन किलो खाद्य खाणाऱ्या पिलाच्या पोटात जवळपास ९ ग्रॅम झिंक जाते आणि त्यातले बहुतेक शेणखतातून शेतात उतरते. झिंकचे विघटन होत नाही, ते मातीत साठत राहते. दुसरी अडचण याहून गंभीर होती. डुकरांमध्ये पसरलेल्या सीसी३९८ प्रकारच्या एमआरएसए (मेथिसिलिन या प्रतिजैविकाला दाद न देणाऱ्या स्टॅफिलोकोकस) जिवाणूत झिंकला दाद न देणारे जनुक आणि मेथिसिलिनला दाद न देणारे जनुक एकाच जनुकीय तुकड्यावर बसलेले असते. झिंक दिले की दोन्ही जनुके असलेले जिवाणूच टिकून वाढतात. जून २०१७ मध्ये युरोपीय आयोगाने औषधी झिंक ऑक्साइडचे परवाने काढून घ्यायचा निर्णय केला, पाच वर्षांची मुदत दिली आणि ती जून २०२२ मध्ये संपली. त्याच वर्षी जानेवारीत नवा पशुऔषध कायदा लागू झाला होता, त्यामुळे सरसकट प्रतिबंधासाठी प्रतिजैविक देण्याची वाटही बंद होती.

पहिल्या ४८ तासांत काय होते

आईजवळ असताना पिल्लू दिवसाला वीस-चोवीस वेळा पिते. मादी आडवी होते आणि एका विशिष्ट लयीत गुरगुरायला लागते. गुरगुर जलद झाली की पिले आपापला सड धरतात, दूध सुटते ते जेमतेम वीस सेकंद. पुढच्या तासाभरात पुन्हा तेच. पिलाने आजवर स्वतःच्या मनाने कधी खाल्लेलेच नसते. ते आईच्या हाकेला, सगळ्या भावंडांबरोबर, एकाच वेळी जेवत आलेले असते. दूध तोडले की हाक बंद होते. समोर येते कोरडा भरडा भरलेले खाद्यपात्र आणि पाण्याची निप्पल. अन्न घन असते आणि पाणी वेगळ्या जागी, ही ओळख त्याला नसते.

म्हणून काही पिले पहिल्या काही तासांत तोंड लावतात, तर काही दोन दिवस काहीच खात नाहीत. सात किलोच्या पिलाला वजन टिकवायलाच दिवसाला अंदाजे १५० ग्रॅम चांगले खाद्य लागते. बरीच पिले हा आकडा चौथ्या-पाचव्या दिवशी गाठतात.

आतड्याच्या पेशींचे बरेचसे पोषण थेट आतून जाणाऱ्या अन्नावर चालते. अन्न थांबले की लहान आतड्याचे अंकुर आखडतात. दूध तुटल्यावर एका दिवसात त्यांची उंची पाऊण होते, पाचव्या दिवसापर्यंत निम्म्याच्या आसपास येऊ शकते. अंकुराच्या टोकाशी दुधातली साखर पचवणारे लॅक्टेज आणि इतर पाचक विकरे असतात, तीही सोबत जातात. त्यात भर ताणाची: अनोळखी पिलांशी मारामारी, नवी जागा, गारवा. कॉर्टिसॉल हे ताणाचे संप्रेरक चढते, आतड्याच्या भिंतीतल्या मास्ट पेशी (दाह सुरू करणाऱ्या पेशी) उत्तेजित होतात आणि आतड्याच्या पेशींमधली जोड सैल होते. अर्धवट पचलेले प्रथिन आणि जिवाणूंचे विष आत झिरपायला वाट मिळते.

मग तिसऱ्या दिवशी भूक अनावर होते आणि पिल्लू एका बैठकीत पोट फुगेपर्यंत खाते. या वयात जठरात आम्ल कमी स्रवते. आईच्या दुधातल्या साखरेपासून लॅक्टोबॅसिलस जिवाणू लॅक्टिक आम्ल करत, तेही थांबलेले असते. जठराचा सामू पाचच्या वर चढतो. प्रथिन पचवणाऱ्या पेप्सिनला हवा असतो दोन ते साडेतीन. न पचलेले प्रथिन पुढे सरकते, मोठ्या आतड्यात कुजते, अमोनिया सुटतो. तोवर एफ४ किंवा एफ१८ जातीची सूक्ष्म लव असलेले ई. कोलाय त्या लवेने आतड्याला चिकटून विष सोडायला लागलेले असतात. पेशी क्लोराइड बाहेर टाकतात, त्यामागे सोडियम आणि पाणी. चौथ्या-पाचव्या दिवशी फरशी ओली दिसते, पण बिघाड पहिल्या रात्रीच सुरू झालेला असतो.

झिंक हाच क्रम मधेच तोडत होते. पिल्लू दोन दिवस उपाशी राहिले तरी तिसऱ्या दिवसाची हगवण दिसत नसे, म्हणून उपासाकडे कोणी पाहिले नाही. या प्रकरणातली सगळ्यात महाग चूक आम्हाला हीच वाटते.

आधी निदान

प्रत्येक हगवण ई. कोलायची नसते. ताज्या विष्ठेवर सामू-पट्टी लावावी. ई. कोलायच्या विषाने सुटलेले पाणी अल्कधर्मी असते. रोटाव्हायरसने अंकुर झडून झालेल्या अपचनाची हगवण आम्लधर्मी असते. पट्टीने खात्री होत नाही, पण दिशा कळते. एफ४ बहुधा तिसऱ्या ते दहाव्या दिवसात दिसतो, एफ१८ थोडा उशिरा. पापण्या सुजलेले, झोकांड्या खाणारे किंवा सकाळी अचानक मेलेले धष्टपुष्ट पिल्लू आढळले तर सूजरोगाचा संशय घ्यावा. तो एफ१८ वाल्या जिवाणूच्या शिगा विषाने होतो आणि सगळ्यात जास्त खाणाऱ्यांना आधी गाठतो. औषध न दिलेल्या, नुकतीच हगवण लागलेल्या चार-पाच पिलांचे नमुने प्रयोगशाळेत द्यावेत. आठवडाभर प्रतिजैविक देऊन झाल्यावर पाठवलेल्या नमुन्यातून फारसे काही कळत नाही.

खाद्याची फेरमांडणी

पहिला बदल प्रथिनात. दूध तुटल्यावरच्या पहिल्या १०-१४ दिवसांत २१-२२ टक्क्यांवरून १८ टक्क्यांच्या आत यायचे. जे प्रथिन मोठ्या आतड्यात पोचणारच नाही, ते तिथे कुजणारही नाही. पण नुसते प्रथिन कापले तर वाढ बसते. म्हणून पचनीय लायसिन १.२ टक्क्यांच्या आसपास ठेवून बाकीची अमिनो आम्ले त्याच्या प्रमाणात भरायची: लायसिन १०० धरले तर मेथिओनिन व सिस्टीन मिळून ६०, थ्रिओनिन ६२ ते ६५, ट्रिप्टोफॅन २० ते २२, व्हॅलिन ६७ ते ७०. ट्रिप्टोफॅन कमी पडले की भूकच मंदावते. पैसे वाचवायला नेमके तेच आधी काढले जाते.

दुसरा बदल सोयापेंडीत. तिच्यातली ग्लायसिनिन आणि बीटा-कॉनग्लायसिनिन ही प्रथिने कोवळ्या आतड्याला वावडी ठरतात. पेंड नीट भाजली नसेल तर ट्रिप्सिनरोधकही (प्रथिनाचे पचन अडवणारे पदार्थ) उरतात. सुरुवातीला सोयापेंड ८ ते १० टक्क्यांवर ठेवून बाकीचे प्रथिन फिशमील, बटाट्याचे प्रथिन, व्हे पावडर (दुधाच्या निवळीची भुकटी) यांतून आणतात. (सोयापेंडीचे हे दुखणे डुकरापुरते नाही. नॉर्वेतल्या पाळीव सामन माशांच्या आतड्याच्या शेवटच्या भागाला सोयापेंडीने सूज येते हे १९९० च्या दशकात तपशिलाने नोंदले गेले. तिथे मुख्य दोषी सॅपोनिन.) सोया पूर्ण काढू मात्र नये. थोडी सवय लागली नाही तर पुढच्या खाद्यात तोच धक्का दोन आठवडे उशिरा बसतो.

तिसरा बदल आम्लाचा, आणि तो सहज नजरेतून सुटतो. कॅल्शियमसाठी खाद्यात घातलेली चुनखडी जठरातले आम्ल खाते. रसायनाच्या हिशोबाने एक किलो कॅल्शियम कार्बोनेट २० मोल आम्ल संपवते, एक किलो झिंक ऑक्साइड जवळपास २४.६. झिंक गेले हे जठराच्या दृष्टीने बरेच झाले. आता चुनखडीही काढून तिच्या जागी कॅल्शियम फॉर्मेट घ्यावे, फायटेज (धान्यातला फॉस्फरस मोकळा करणारे विकर) घालावे आणि पहिले दोन आठवडे एकूण कॅल्शियम ०.५ ते ०.६ टक्के इतकेच ठेवावे. हाडांची भरपाई पुढच्या खाद्यात करता येते. बेन्झोइक आम्ल ०.५ टक्के घातले की बहुतेक ठिकाणी फरक दिसतो. पण चुनखडी १ टक्का ठेवून वर बेन्झोइक आम्ल घालणे म्हणजे एका हाताने देऊन दुसऱ्याने काढून घेणे.

चौथा बदल तंतूंचा. न विरघळणारा, जाडसर तंतू, म्हणजे गव्हाचा जाड कोंडा ४ टक्के किंवा ओटची टरफले २ टक्के, अन्न पुढे सरकते ठेवतो. चिकट विरघळणारा तंतू या वयात उलट काम करतो, त्यात ई. कोलाय फोफावतो. दळणही फार बारीक नको. ऑस्ट्रेलियातल्या प्रयोगांत शिजवलेल्या तांदळावरच्या खाद्याने हगवण घटली, कारण शिजलेला तांदूळ लहान आतड्यातच जवळजवळ पूर्ण पचतो. आजाऱ्याला पेज देणाऱ्या कोकणातल्या घराला हे पटायला प्रयोगाची गरज पडणार नाही.

या तत्त्वांवर १०० किलोचे एक गणित असे बसते: गहू ४६, जव २२, व्हे पावडर ८, सोयापेंड ८, गव्हाचा जाड कोंडा ४, फिशमील ३, तेल २.६, बटाट्याचे प्रथिन २.५, शुद्ध अमिनो आम्ले मिळून १.२ (त्यात लायसिन ०.६), मोनोकॅल्शियम फॉस्फेट ०.८, कॅल्शियम फॉर्मेट ०.६, बेन्झोइक आम्ल ०.५, खनिज-जीवनसत्त्व मिश्रण फायटेजसह ०.५, मीठ ०.३. प्रथिन १८ टक्क्यांच्या किंचित खाली येते. कच्चा माल बदलला की आकडे पुन्हा मांडावे लागतात. फिशमीलमध्ये मीठ जास्त असेल तर वरचे मीठ काढावे लागेल.

चौदा दिवसांनी एका दिवसात खाद्य बदलू नये. चार-पाच दिवस मिसळून न्यावे. प्रथिनाची कसर दहा-बारा किलो वजनानंतर, पचन सावरल्यावर, भरून काढता येते.

कप्प्यातले काम

खाद्य कितीही चांगले मांडले तरी ते पोटात गेले नाही तर उपयोग शून्य. इथे गव्हाणीशी उभ्या असलेल्या माणसाचे महत्त्व आहारतज्ज्ञापेक्षा जास्त आहे.

पिले जन्मकप्प्यात असतानाच, दहाव्या-बाराव्या दिवसापासून, मूठभर खाद्य दिवसातून तीनदा उथळ पात्रात किंवा चटईवर टाकावे. उरलेले मादीला घालावे, शिळे ठेवू नये. चटईवर खाल्लेले ग्रॅम नगण्य असतात, पण नाकाला वास ओळखीचा होतो. दूध तोडल्यावर पहिले पाच दिवस तेच खाद्य पातळ करून द्यावे: एक भाग खाद्य, दोन भाग कोमट पाणी, लांब गव्हाणीत, सगळ्यांना एकाच वेळी तोंड घालता येईल असे. आईची हाक गेली, तर हाक आपण द्यायची. दर वेळी वाढताना एकच आवाज करावा, मग ती बादली आपटणे असो की शीळ. दोन दिवसांत पिले त्या आवाजाला उठतात.

दहा पिलांना पहिल्या दिवशी दर वेळी २०० ग्रॅम कोरड्या खाद्याचे पातळ, दिवसातून पाच वेळा. दुसऱ्या दिवशी दर पिलामागे १५० ग्रॅम, तिसऱ्या दिवशी २०० ग्रॅमपर्यंत. वीस-तीस मिनिटांत संपेल एवढेच वाढावे. दोन तासांनी उरलेले उचलून गव्हाण धुवावी. आंबलेल्या, कडेला चिकटलेल्या खाद्याने जेवढी हगवण होते तेवढी चुकीच्या मिश्रणानेही होत नाही. उन्हाळी हवेत तर हा वेळ एक तासावर आणावा.

पहिल्या २४ तासांनी प्रत्येक पिलाच्या कुशीवर हात फिरवावा. कुशी आत गेली असेल, पोट मऊ आणि रिकामे लागत असेल, तर पाठीवर रंगाची खूण करावी. खुणेची पिले बाजूच्या उबदार कप्प्यात घेऊन त्यांच्या ओठांना पातळ खाद्य लावावे, दर दोन-तीन तासांनी. दुसऱ्या दिवशी खूण तशीच आणि कुशीही तशीच असेल, तर ते पिल्लू दोन दिवसांनी हगवणारच.

निप्पलमधून मिनिटाला अर्धा ते पाऊण लिटर पाणी यावे. बादली आणि घड्याळ घेऊन मोजावे, अंदाज करू नये. पहिल्या दिवशी निप्पलखाली उघडे पाण्याचे भांडेही असावे. झोपायच्या जागी २८ ते ३० अंश तापमान आणि वाऱ्याचा झोत नाही, हे पाहावे. डॅनिश गोठ्यांत यासाठी कप्प्याच्या मागच्या भागावर झाकण घालतात. पिले एकमेकांवर चढून झोपली तर थंडी आहे, विखरून शेणाच्या जागी लोळली तर उकाडा. शक्यतो भावंडे एकत्र ठेवावीत. दूध तोडणे, वाहतूक, लस, नवे खाद्य आणि अनोळखी पिलांत मिसळणे हे सगळे एका दिवशी आले, तर कोणताही आहार पुरा पडत नाही.

लस आणि उपचार

एफ४-एफ१८ विरुद्ध तोंडावाटे द्यायची जिवंत लस १८ व्या दिवसापासून देता येते आणि संरक्षण सुरू व्हायला साधारण आठवडा लागतो. म्हणजे २८ व्या दिवशी दूध तोडणाऱ्याने १८ ते २१ या दिवसांतच ती द्यायला हवी. लशीत जिवंत जिवाणू आहेत. आगेमागे तीन दिवसांत ई. कोलाय मारणारे प्रतिजैविक दिले किंवा क्लोरीनच्या पाण्यात मिसळली, तर लस वाया.

हगवण लागलीच तर पहिले औषध म्हणजे ग्लुकोज-मिठाचे पाणी. ई. कोलायचे विष क्लोराइड बाहेर ढकलते, पण ग्लुकोजबरोबर सोडियम आत घेणारी यंत्रणा शाबूत असते, म्हणून हे पाणी शोषले जाते. ते वेगळ्या भांड्यात द्यावे आणि साधे पाणीही चालू ठेवावे. खाद्य निम्मे करून जास्त वेळा विभागावे, उपाशी ठेवू नये. प्रतिजैविक पशुवैद्यकाच्या सल्ल्याने, संवेदनक्षमता तपासून.

डेन्मार्कमध्ये इथेच घोडे अडले. झिंक गेल्यावर दूध तुटलेल्या पिलांत निओमायसिन या प्रतिजैविकाचा वापर लक्षणीय वाढला. आधीच्या पिढीत वाढवर्धके काढल्यावरही उपचारासाठीची प्रतिजैविके वाढली होती. दोन्ही वेळा पदार्थ काढला गेला. दूध तोडायचे वय, वेताचा आकार आणि पहिल्या दोन दिवसांतला माणसाचा वेळ मात्र बहुतेक ठिकाणी होता तसाच राहिला. पाचव्या आठवड्यापर्यंत दूध चालू ठेवले तर पिल्लू सुमारे दोन किलो जड निघते आणि आधीपासून खायला शिकलेले असते. पण मादीमागे वर्षाला निघणारी पिले कमी होतात, म्हणून तो निर्णय लांबतो.

आपल्याकडे

भारतात वराहपालनात दूध सहसा सहा ते आठ आठवड्यांनी तोडतात. त्या वयापर्यंत पिल्लू आईच्या खाद्यात तोंड घालून शिकलेले असते आणि जठर आम्ल करू लागलेले असते, म्हणून वरचे दुखणे इतक्या तीव्रतेने दिसत नाही. आता संकरित मादी आणि वर्षाला दोनहून अधिक वेत हा हिशोब घेऊन महाराष्ट्र-गोव्यातही २८ दिवसांकडे वळणारे आहेत. त्यांनी आधी व्हे पावडर आणि शुद्ध अमिनो आम्लांचा भाव काढावा, दिवसातून पाच वेळा गव्हाण धुणारा माणूस आहे का ते पाहावे. हॉटेलच्या खरकट्यावर २८ दिवसांचे पिल्लू जगत नाही. कोलिस्टिन या प्रतिजैविकाचा आधार धरता येणार नाही. अन्नासाठी पाळलेल्या जनावरांकरिता त्याच्या उत्पादन, विक्री आणि वितरणावर भारतात जुलै २०१९ पासून बंदी आहे, आणि ती योग्यच आहे. हे जमत नसेल तर ३५ किंवा ४२ दिवसांवर थांबण्यात काहीही कमीपणा नाही.

काम जमले की नाही हे सातव्या दिवशीचा तराजू सांगतो. दूध तोडताना प्रत्येक पिल्लू मोजून कानाच्या क्रमांकाने लिहून ठेवावे आणि सातव्या दिवशी पुन्हा मोजावे. कप्प्याची सरासरी फसवी असते, चार दांडगी पिले तिला वर ओढतात. सुरुवातीच्या वजनापेक्षा खाली असलेली पिले मोजावीत आणि ती पहिल्या दिवशी रंग लावलेलीच आहेत का, ते पाहावे. ती वेगळीच निघाली, तर कुशीवर हात फिरवणाऱ्याला पुन्हा शिकवावे लागेल.